वळताना कट-कट करणारी जुनी गाडी: सीव्ही जॉइंट ओळखायचा कसा आणि मग करायचं काय

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पार्किंगमधून काढताना पुढच्या चाकाकडून कट-कट-कट आवाज येतोय, सरळ रस्त्याला लागलं की बंद आणि पुढच्या यू-टर्नला परत चालू, असं होत असेल तर संशय सीव्ही जॉइंटवर, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावर धरायचा, आणि पुढचं वाचा. जुनी मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगनआर, सँट्रो, इंडिका सेकंड हँड घेतलेल्या माणसाला कधी ना कधी हा आवाज ऐकू येतोच. मग गॅरेजला गेलं की कुणी म्हणतं अख्खा एक्सल बदला, कुणी म्हणतं ग्रीस भरून देतो चालेल वर्षभर, कुणी सरळ सस्पेन्शन उघडायला घेतं, आणि नवीन माणसाला कळत नाही ह्यातलं खरं कुठलं. तर गॅरेजच्या आधी आपलं आपल्याला किती बघता येतं आणि कुठल्या अवस्थेत काय बदलायचं ते नीट सांगतो, कारण ह्या कामात खर्च कमी होणार की जास्त हे तुम्ही किती लवकर खाली वाकून बघितलंत ह्यावरच ठरतं.

आधी एक खुलासा. हे सगळं पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं आहे. ओम्नी, ईको, बोलेरो, अॅम्बॅसेडर, पद्मिनी ह्या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते आणि तिथे प्रॉपेलर शाफ्टला क्रॉस असतो, त्याचे आवाज वेगळे आणि काम पण वेगळं, ते इथे नाही.

आत असतं काय

गिअरबॉक्समधून डावीकडे आणि उजवीकडे एकेक ड्राइव्ह शाफ्ट निघतो, आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळे त्याला एक्सलच म्हणतात. प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट, गिअरबॉक्सजवळचा तो आतला आणि चाकाजवळचा तो बाहेरचा. पुढचं चाक एकाच वेळी फिरतं, खड्ड्यात वरखाली होतं आणि स्टेअरिंगबरोबर वळतं सुद्धा, आणि एवढं सगळं चालू असताना त्याचा फिरण्याचा वेग एकसारखा राहिला पाहिजे, म्हणून हा जॉइंट, आणि म्हणूनच नाव सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा स्टीलचे गोळे असतात, ते आतल्या आणि बाहेरच्या रेसमधल्या (म्हणजे स्टीलच्या कड्यांमधल्या) खाचांत बसतात आणि मध्ये एक पिंजरा त्यांना जागेवर धरतो. १९२०च्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअरने ही रचना काढली, १९५९ च्या मिनी गाडीने ती छोट्या गाड्यांत रुळवली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. आतल्या जॉइंटमध्ये बऱ्याच गाड्यांत तीन रोलर असतात, तो वळत फार नाही पण आत-बाहेर सरकतो.

ह्या जॉइंटला ग्रीस निपल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायचं तोंड, नसतो हे लक्षात घ्या. कंपनीतून जे ग्रीस भरून येतं तेवढ्यावरच तो चालतो, आणि ते ग्रीस आत धरून ठेवतो रबरी बूट, घड्या घड्यांचा, दोन्ही टोकांना क्लँप लावलेला. बूट शाबूत असला की जॉइंट लाखभर किलोमीटरच्या पुढे सहज जातो. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडतं, आत पाणी आणि माती जाते, माती उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं घासायला लागते, गोळे आणि खाचा झिजतात आणि मग प्रत्येक फेऱ्यात गोळा झिजलेल्या जागेतून उडी मारतो, तीच तुमची कट-कट. म्हणजे आवाज आला तेव्हा झीज झालेली आहे. हे वाक्य डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचा सगळा निर्णय ह्याच्यावर आहे.

आपल्याकडे बूट लवकर का जातात ह्याची कारणं पण सांगतो. पावसाळ्यात कोकणातल्या लाल मातीत, उसाच्या शेताकडच्या पाणंद रस्त्यावर खालून काटक्या, तार, बांबूचं टोक काही ना काही लागतंच. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर रबर कडक होऊन घडीच्या तळाशी चिरतं, मुलं बाहेरगावी असलेल्या घरांतल्या गाड्यांचं हे फार होतं. उंदीर पण कुरतडतात. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते, वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर गाडीच्या खालून डिझेल नाहीतर जुनं ऑइल फवारतात, गंज लागू नये म्हणून, ते रबरावर पडलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. बूट, बुश, होज सगळ्यांना ते वाईट. वॉशिंगला देताना स्पष्ट सांगा, खालून स्प्रे मारू नका.

चालवून बघायची टेस्ट

रिकामं मैदान किंवा सोसायटीचं मोकळं पार्किंग गाठा. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा, थोडा थोडा अॅक्सिलरेटर देत, दहाच्या वर स्पीड न्यायची गरज नाही. मग तसंच उजवीकडे. मग दोन्हीकडे रिव्हर्समध्ये, कारण काही जॉइंट पुढे जाताना गप्प असतात आणि रिव्हर्सला बोलतात. आवाज चाकाच्या वेगाबरोबर जलद होतो का, अॅक्सिलरेटर दिल्यावर वाढतो का आणि पाय काढल्यावर कमी होतो का, हे ऐका. तिन्हीचं उत्तर हो असेल तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर संशय पक्का धरायला हरकत नाही.

कुठल्या बाजूचा? डावीकडे वळताना आवाज येत असेल तर बहुतेक वेळा उजव्या चाकाचा, कारण वळणात वजन बाहेरच्या चाकावर येतं, आणि उजवीकडे वळताना येत असेल तर डाव्याचा. पण हा काही कायदा नाही, फार झिजलेला जॉइंट दोन्हीकडे वाजतो. आत बसून आवाज नेमका कुठून येतोय ते फसवं असतं, त्यामुळे एखाद्याला बाहेर उभं करून ऐकायला लावा, गाडीच्या वाटेत नाही, बाजूला. एकटेच असाल तर कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू वळवत न्या, भिंतीवरून आवाज परत येतो आणि त्या बाजूचं चाक जास्त स्पष्ट ऐकू येतं.

आतला जॉइंट गेला की कट-कट सहसा नसते. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर जाते, किंवा अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना खालून एकदाच धप्प असा ठोका येतो, तर आतल्याकडे बघायचं.

सीव्ही जॉइंट नसलेलेही आवाज

ह्या भागात घाई करू नका, कारण इथेच चुकीचा पार्ट बदलला जातो. सगळ्यात आधी व्हील नट टाइट आहेत का ते पान्याने बघा. ढिल्या नटांमुळे पण टक-टक येते आणि ती सीव्ही जॉइंटपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा ढिला व्हील कॅप सरळ जाताना पण वाजतो. स्पीडबरोबर वाढणारा घूं असा सलग आवाज असेल तर व्हील बेअरिंग. गतिरोधकावर किंवा खड्ड्यातच वाजत असेल तर लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर ही मंडळी. रिव्हर्सनंतर पुढे जाताना पहिल्या ब्रेकला एकदाच टक् होत असेल तर ब्रेक पॅड जागेवर हलतायत. आणि गाडी जागेवरून उचलताना एकदाच टक् होऊन नंतर शांत असेल तर चाकाच्या मध्यभागचा मोठा एक्सल नट ढिला असू शकतो, जॉइंट चांगला असूनही.

आता खाली वाकून बघा

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा किंवा लाकडाचे ठोकळे. नुसतं बूट बघायचं असेल तर जॅकची पण गरज नाही, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि चाकाच्या मागून टॉर्च मारा, बाहेरचा बूट दिसतो. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड पाहिजेतच. गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक फक्त चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, कुणी घालत असेल तर त्यालाही थांबवा.

काय शोधायचं: बुटाच्या घड्या बोटांनी उघडून तळाशी चीर आहे का, क्लँप सुटलाय का, आणि रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, चाकाच्या कमानीत गोलाकार उडालेलं काळं ग्रीस आहे का. असा पट्टा दिसला तर बूट फाटलाय म्हणून समजा, चीर दिसली नाही तरी, चाक हाताने फिरवत पूर्ण गोल बघा म्हणजे सापडेल. मग पुढचं एक चाक जॅक-स्टँडवर उचलून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, इंजिन अर्थात बंद, एका हाताने शाफ्ट घट्ट धरा आणि दुसऱ्याने चाक मागे-पुढे हलवा. शाफ्ट स्थिर आणि चाक टक-टक करत थोडं फिरतंय असा ढिलेपणा असेल तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. थोडासा खेळ चांगल्या जॉइंटलाही असतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं चाक तसंच हलवून तुलना करा. दोन्हीकडचे आतले बूट पण ह्याच वेळी बघून घ्या.

मग बदलायचं काय

बूट फाटलाय पण आवाज अजिबात नाही: ही सगळ्यात चांगली वेळ. लगेच जॉइंट काढून, धुऊन, नवीन ग्रीस आणि नवीन बूट. बूट किट काही शेकड्यांत येतं, त्यात बूट, ग्रीसचं पाकीट, क्लँप आणि बऱ्याचदा सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून धरणारी स्प्रिंगची रिंग) असते. लेबर मात्र जॉइंट बदलण्याएवढंच, कारण उघडावं तेवढंच लागतं. तरी करा. पावसाळ्याच्या तोंडावर दिसलं असेल तर एक आठवडा पण थांबू नका.

आवाज चालू झालाय: बाहेरचा जॉइंट बदला. ह्या अवस्थेत ग्रीस भरून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. नवीन ग्रीसने आवाज थोडे दिवस दबतो, पण झिजलेली खाच भरून येत नाही, आणि लेबर दोनदा जातं. गाडी विकणाऱ्याने नुकतंच ग्रीस भरून आवाज दाबलेला असू शकतो, त्यामुळे घेताना वीस मिनिटं गाडी चालवून तापल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवायची वरची टेस्ट परत करा.

आतला आणि बाहेरचा दोन्ही गेलेत, किंवा स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे लांबट दात) झिजलेत, किंवा शाफ्ट गंजून खड्डे पडलेत: तेव्हा पूर्ण एक्सल घेणं बरं पडतं. एका बाजूचा जॉइंट वाजतोय म्हणून दोन्ही एक्सल बदलायची गरज नाही. दुसऱ्या बाजूचा बूट चांगला असेल तर तो जॉइंट राहू द्या.

किती दिवस चालेल, हा प्रश्न सगळे विचारतात. हलकी कट-कट असलेला जॉइंट महिनोन्महिने पण ओढतो, पण शेवटी पिंजरा तुटला की गाडी जागेवर थांबते, कारण दोन्ही चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल सगळी ताकद तुटलेल्या बाजूला सोडून देतं, इंजिन फिरतं आणि गाडी हलत नाही. ह्याहून वाईट म्हणजे घाट उतरताना तुटला तर इंजिन ब्रेकिंग एकदम जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा घाट उतरायचा बेत असेल आणि जॉइंट सरळ जाताना पण वाजायला लागला असेल तर बेत पुढे ढकला. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर पार्क केली तरी तुटलेल्या शाफ्टवर ती धरत नाही, हे पण सांगून ठेवतो.

पार्ट घेताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, इतर शहरांत आपापली स्पेअर पार्टची गल्ली असतेच. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार, कार्ब्युरेटर का एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन), चार गिअर का पाच, असे फरक असतात, तेव्हा नुसतं "८०० चा जॉइंट द्या" म्हणू नका, आरसी बुक आणि जमलं तर काढलेला जुना जॉइंट सोबत न्या आणि आतले-बाहेरचे स्प्लाइनचे दात मोजून, शेजारी ठेवून जुळवून घ्या. एबीएस असलेल्या गाडीत जॉइंटवर दातेरी रिंग असते, तेही दात मोजायचे. परवडत असेल तर कंपनीचा किंवा नाव असलेल्या मेकचाच घ्या. स्वस्त लोकल जॉइंटमध्ये लोखंड मऊ असलं तर तोच आवाज वर्षाच्या आत परत येतो. भंगारातून घ्यायचा असेल तर बूट शाबूत असलेला पूर्ण एक्सलच उचला, हातात धरून सगळ्या दिशांना वाकवून बघा, कुठे अडकत किंवा खडखडत असेल तर सोडून द्या.

काम स्वतः करायचं असेल तर

पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याने हे काम एखाद्या जाणत्या माणसाबरोबर करावं. गॅरेजलाच देणार असाल तरी पुढचं वाचा म्हणजे समोर उभं राहून काय बघायचं ते कळेल.

गाडी जमिनीवर असतानाच मधला एक्सल नट सैल करा, तो प्रचंड टाइट असतो आणि गाडी स्टँडवर असताना त्यावर पाइप लावून जोर काढणं धोक्याचं. कुठे स्प्लिट पिन असते ती काढायची, कुठे नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते ती आधी उचलायची. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर. शाफ्ट गिअरबॉक्समधून निघताना ऑइल सांडतं म्हणून ते आधी काढून घ्या किंवा खाली परात ठेवा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढता येतो आणि शाफ्ट आत ढकलून निघतो. अडकला तर नट टोकाशी लेव्हल लावून मध्ये लाकडाचा तुकडा धरून ठोका, उघड्या आट्यांवर हातोडी मारली की आटे गेले. ब्रेक होजवर कॅलिपरचं वजन किंवा ताण येऊ देऊ नका, तारेने बांधून ठेवा.

गिअरबॉक्सकडून शाफ्ट काढताना आतल्या जॉइंटमागे टॉमी (छोटी लोखंडी पहार) घालून हलका झटका द्यायचा. शाफ्टलाच धरून ओढलं तर आतला जॉइंट सुटून येतो आणि रोलर बाहेर. ऑइल सीलला टॉमी लागू देऊ नका, आणि सील कडक झालेलं किंवा चिरलेलं दिसलं तर आत्ताच बदला, तो पार्ट स्वस्त आहे. शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकावर उतरवून ढकलायची नाही, बऱ्याच गाड्यांत एक्सल नटच हब बेअरिंगला आवळून धरतो आणि त्याशिवाय वजन आलं की बेअरिंग खराब होतं.

शाफ्ट व्हाइसमध्ये धरताना जबड्यात लाकूड किंवा कापड. क्लँप कापा, बूट मागे सारा, ग्रीस पुसा. बाहेरचा जॉइंट आत एका सर्क्लिपवर बसलेला असतो, तांब्याची किंवा नायलॉनची हातोडी घेऊन आतल्या रेसवर सरळ ठोका दिला की बहुतेक गाड्यांत निघतो, काहींत सर्क्लिप पक्कडने उघडावी लागते. फक्त बूट बदलत असाल तर जॉइंट रॉकेल नाहीतर पेट्रोलने धुवा, घराबाहेर, बिडी-सिगारेट लांब, पूर्ण वाळवा, आणि एकेक गोळा वळवून खाचा बघा. नख अडकेल असा खड्डा दिसला तर बूट किटचे पैसे वाया घालवू नका, जॉइंटच घ्या.

बसवताना क्रम चुकू नका. आधी छोटा क्लँप, मग बूट, मग नवीन सर्क्लिप, मग जॉइंट. स्प्लाइनवर टेप गुंडाळून बूट सरकवा म्हणजे धारेने आतून कापला जात नाही. जॉइंट ठोकून बसला की ओढून बघा, निघता कामा नये. ग्रीस किटमधलंच वापरायचं, बाहेरच्या जॉइंटचं ते मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीस असतं, चाकाच्या बेअरिंगचं साधं पिवळं ग्रीस इथे टिकत नाही. पाकीट पूर्ण संपवा, अर्धं बोटाने गोळ्यांमध्ये दाबून, उरलेलं बुटात. बुटाला पीळ नाही ना ते बघा, कडेतून बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून आतली हवा सोडा, मग क्लँप आवळा. क्लँपच्या जागी प्लास्टिकचा झिप टाय लावलेला दिसला तर काढायला लावा, तो ढिला पडतो आणि ग्रीस परत उडतं.

परत जोडताना शाफ्ट गिअरबॉक्समध्ये टक् करून बसला पाहिजे. एक्सल नट ठोकून बसवायचा असेल तर नवीनच, स्प्लिट पिन पण नवीन. शेवटचा टाइट गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच, अंदाजाने नाही. गिअर ऑइलची लेव्हल भरा, ही पायरी घाईत राहून जाते आणि मग गिअरबॉक्सचं काम निघतं.

नंतर त्याच मैदानात तोच गोल फिरून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ऑइलचा थेंब आहे का ते बघा, असेल तर सील नीट बसलं नाहीये. आठवडाभराने व्हील नट परत तपासा, आणि रिमच्या आतल्या बाजूला स्वच्छ कापड फिरवून बघा, कापडावर काळं ग्रीस आलं तर क्लँप सैल आहे, तेवढा परत आवळून घ्या. गॅरेजमधून काम केलं असेल तर काढलेला जुना जॉइंट मागून घ्या, त्याचे गोळे आणि खाचा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचा जॉइंट बघताना झीज म्हणजे नेमकी कशी दिसते ते तुम्हाला माहीत असेल.